वॉरंटी नाकारली तर: जॉबशीटपासून ग्राहक आयोगापर्यंतचा क्रम

वॉरंटीची खरीखुरी तक्रारसुद्धा ग्राहक आयोगात फेटाळली जाते, आणि त्याचं कारण बहुधा वस्तू बिघडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात घडलेलं असतं. ग्राहक फोनवर भांडत राहतो. सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन तोंडी काहीतरी सांगून जातो. दुकानदार "कंपनीशी बोला" म्हणतो. मग सहा महिन्यांनी तक्रार दाखल करायची ठरते तेव्हा हातात बिलाशिवाय काहीच नसतं. काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. पहिल्याच आठवड्यात वकिलाची नोटीस धाडतात आणि कंपनीला वस्तू तपासूच देत नाहीत. मग "आम्हाला दुरुस्तीची संधीच दिली नाही" हा बचाव कंपनीला फुकटात मिळतो.

उदाहरणासाठी एकच प्रकरण धरून चालू. सांगलीतल्या एका कुटुंबानं ४२,००० रुपयांचा फ्रिज घेतला. पूर्ण वस्तूवर एक वर्षाची आणि कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी. आठव्या महिन्यात थंडावा गेला. सर्व्हिस सेंटर म्हणतं, "व्होल्टेजमुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही." तुमची वस्तू मोबाइल असो, इन्व्हर्टर असो की दुचाकी, पुढचा क्रम हाच राहतो.

लागू होतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे. १९८६ च्या कायद्यातल्या रकमेच्या मर्यादा आणि मंचांची जुनी नावं अजून व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यांवर विसंबू नका.

## १. वॉरंटी कार्ड वाचा, तेही पाठीमागच्या बारीक अक्षरांसकट

कार्डावर आधी बघायचं ते वॉरंटी नक्की कोणी दिली आहे. फ्रिजची मूळ वॉरंटी उत्पादकाची असते. दुकानात वर पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र अनेकदा तिसऱ्याच कंपनीची असते. चुकीच्या कंपनीला दोन महिने पत्रं लिहिणारे लोक कमी नाहीत.

दुसरं, कुठल्या भागावर किती काळ. "कॉम्प्रेसरवर दहा वर्षं" म्हणजे सहसा फक्त कॉम्प्रेसर. गॅस भरणं, मजुरी आणि ने-आण त्यात धरलेली नसते. पहिल्या वर्षात यातलं काय मोफत आणि नंतर काय नाही, ते कार्डावरूनच कळतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षली जाते: कार्डानं तुम्हाला कबूल काय केलं आहे? बहुतेक कार्डांवर "दोष आढळल्यास भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ" एवढंच असतं. नवी वस्तू देऊ, असं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात हाच मुद्दा धरला होता. वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं बंधन असताना पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश तिथं टिकला नाही. म्हणून पहिल्याच बिघाडावर "नवीनच द्या, नाहीतर केस" म्हणू नका. दुरुस्ती नाकारली, दुरुस्ती वारंवार फसली, किंवा दोष मुळातलाच आहे असं दाखवता आलं, की बदली वस्तू आणि परतावा मागायला भक्कम आधार मिळतो.

आता तुम्ही कायद्याच्या अर्थानं ग्राहक आहात का ते पाहा. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी वस्तू घेतली असेल तर नाही. पण केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल, उदाहरणार्थ घरी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घेतलेलं एक मशीन, तर हो. बिल दुसऱ्याच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीनं वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. भावानं बहिणीला भेट दिलेल्या फ्रिजची तक्रार बहीण करू शकते.

सावधान: दुकानाचं किंवा फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक टाकून बिल घेतलं असेल, तर "ही व्यापारी खरेदी आहे" हा बचाव हमखास येतो. वस्तू घरीच वापरात आहे हे दाखवणारे कागद आधीच शोधून ठेवा.

## २. वस्तू आहे तशी ठेवा, पुरावा आजच जमवा

ओळखीच्या मेकॅनिककडून "फक्त बघून घेऊ" म्हणत झाकण उघडलं, की कंपनीच्या हाती अनधिकृत दुरुस्तीचं कारण पडतं. सील तुटू देऊ नका. सुटा भाग कोणी घेऊन गेलं तर पावतीशिवाय देऊ नका.

त्याच दिवशी मोबाइलवर व्हिडिओ करा. एकाच सलग चित्रणात मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी, बिघाड, आणि शक्य असेल तर त्या तारखेचं वर्तमानपत्र किंवा घड्याळ दिसू द्या. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून तापमान दाखवलंत तर "थंड होत नाही" या वाक्याला आकडा मिळतो.

बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडे लेखी मागणी करून दुसरी प्रत घ्या. ऑनलाइन खरेदीचं बिल खात्यातल्या जुन्या ऑर्डरमध्ये बहुधा सापडतं. कार्ड किंवा यूपीआयनं पैसे दिले असतील तर बँकेच्या उताऱ्यातली ती ओळ, हप्त्यावर घेतलं असेल तर कर्जाचा करार, हेही खरेदीचे पुरावे आहेत. बिल द्यायलाच नकार देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे दुकानदाराला सांगून बघा. अनेकदा तेवढ्यानं काम होतं.

सावधान: वस्तू बिघडली म्हणून हप्ते थांबवू नका. कर्ज देणारी कंपनी आणि फ्रिज बनवणारी कंपनी वेगवेगळ्या आहेत. हप्ता चुकला की तुमचा सिबिल स्कोअर घसरतो, आणि वॉरंटीच्या वादाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

## ३. सर्व्हिस कॉल आणि जॉबशीट

सगळं प्रकरण इथं उभं राहतं किंवा कोसळतं, म्हणून इथं घाई नको.

कॉल कंपनीच्या अधिकृत नंबरवर, ॲपवर किंवा वेबसाइटवरच नोंदवा. ओळखीच्या टेक्निशियनला थेट फोन केलात तर त्या भेटीची कुठेही नोंद राहत नाही. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा खोक्यावरून घ्या. इंटरनेटवर शोधून मिळणारे "कस्टमर केअर" नंबर फसवणुकीचे असू शकतात. तक्रार क्रमांक आल्याचा मेसेज पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट काढून मेलवर ठेवा.

टेक्निशियन आला की त्याला काम करू द्या, पण जाण्याआधी जॉबशीट, म्हणजे त्याच्या भेटीची लेखी नोंद, मागा. कागद असो वा मोबाइलवरची पावती, तिच्यात चार गोष्टी हव्यात: तारीख, तुम्ही सांगितलेला बिघाड, त्याला आढळलेला बिघाड, आणि त्यानं काय केलं किंवा का केलं नाही. "व्होल्टेजमुळे गेलं" असं तो तोंडी म्हणत असेल तर तेच लिहून द्यायला सांगा: कुठल्या तपासणीवरून म्हणतो, मीटरनं किती व्होल्टेज मोजलं, कुठला भाग जळालेला दिसला. तो लिहीत नसेल तर वाद घालू नका. तो गेल्यावर दहा मिनिटांत कंपनीच्या मेलवर कळवा: "आज दुपारी अमुक वाजता तुमचे तंत्रज्ञ येऊन गेले, त्यांनी असं सांगितलं, लेखी द्यायला नकार दिला." त्याच दिवशीच्या अशा मेलला पुढं चांगलं वजन येतं.

जॉबशीटवर सही करण्याआधी ती वाचा. "ग्राहक समाधानी", "फिजिकल डॅमेज आढळलं", "लिक्विड डॅमेज" असे शब्द आधीच छापलेले किंवा टिक केलेले असू शकतात. पटत नसेल तर सहीच्या वर लिहा: "वरील शेरा मान्य नाही." डिजिटल सही घेत असतील तर स्क्रीनचा फोटो काढा आणि हरकत मेलनं कळवा.

सावधान: दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. काही कंपन्या त्याला हॅपी कोड म्हणतात. तो दिला की कंपनीच्या नोंदीत कॉल "यशस्वीपणे बंद" होतो. आयोगापुढं कंपनी तीच नोंद ठेवते आणि ग्राहकाला ती खोडायला फार कष्ट पडतात. "सर, पार्ट मागवलाय, कॉल क्लोज करावा लागतो, नवीन उघडू" असं सांगितलं तरी देऊ नका.

वस्तू सर्व्हिस सेंटरला न्यायची असेल तर जमा-पावतीवर वस्तूची स्थिती लिहून घ्या: काच शाबूत, ओरखडा नाही, पाण्याचा डाग नाही. मोबाइल-लॅपटॉपच्या बाबतीत चारही बाजूंचे फोटो तिथंच काउंटरवर काढा.

दुरुस्ती झाली आणि तोच बिघाड परत आला, तर प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक घ्या. एकाच दोषाच्या तीन-चार जॉबशीट हा मुळातल्या दोषाकडे बोट दाखवणारा पुरावा असतो.

तपासा, मगच पुढं जा: वॉरंटीच्या मुदतीत नोंदवलेला निदान एक कॉल आहे का? मुदत संपल्यावर पहिली नोंद असेल तर पुढचं सगळं अवघड होतं. मुदत संपायला आठवडा उरला असेल तर लहानसा वाटणारा बिघाडही आजच नोंदवा.

## ४. लेखी तक्रार करा आणि नकार लेखी मिळवा

आता कंपनीच्या ग्राहक सेवा मेलवर, आणि असेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला, एक मेल पाठवा. दुकानदाराला त्याची प्रत द्या. त्यात राग नको, तारखा, तक्रार क्रमांक, जोडलेली कागदपत्रं आणि एकच मागणी असू द्या: "वॉरंटीनुसार मोफत दुरुस्ती करा, नाकारत असाल तर वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली आणि कुठल्या तपासणी अहवालावरून, ते लेखी कळवा." हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. उत्तर आलं तर कंपनी एका कारणाशी बांधली जाते. नंतर आयोगात नवं कारण काढलं तर तुम्ही जुनं दाखवू शकता. उत्तर आलं नाही तर ते मौनही तुमच्या बाजूनं बोलतं.

ई-कॉमर्स संकेतस्थळावरून खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असणं बंधनकारक आहे. चॅटवरच्या बॉटशी भांडण्यापेक्षा तिथं लिहा.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नंबर १९१५. पोर्टलवर आणि ॲपवरही नोंदवता येते, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. पण मोठ्या कंपन्यांची अनेक प्रकरणं इथंच सुटतात आणि खर्च शून्य, म्हणून ही पायरी गाळू नका. नोंदणी क्रमांक आणि कंपनीनं दिलेलं उत्तर जपून ठेवा.

दिल्लीतल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अर्ज करून नुकसानभरपाईची वाट बघणारे लोक भेटतात. ते प्राधिकरण अनेक ग्राहकांना बाधणाऱ्या गैरप्रकारांवर कारवाई करतं. तुमच्या फ्रिजचे पैसे ते मिळवून देणार नाही. पोलीस ठाण्यातल्या अर्जाचंही तसंच. फसवणुकीचा वेगळा गुन्हा नसेल तर तिथं वेळ घालवू नका.

तारीख बघा: आयोगात तक्रार करायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. हेल्पलाइनचा अर्ज, मेल, स्मरणपत्रं, नोटीस यांनी ही मुदत वाढत नाही. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण द्यावं लागतं. पहिला बिघाड नोंदवला तीच तारीख धरून दोन वर्षं मोजा. कमीत कमी मोजलेलं नेहमी सुरक्षित.

## ५. नोटीस

कायद्यानं नोटीस सक्तीची नाही. तरीही पाठवा, कारण तिच्यामुळे मागणी, मुदत आणि नकार एका कागदावर येतात. वकील लागतच असं नाही.

नमुना असा:

> "मी दिनांक … रोजी आपल्या … दुकानातून बिल क्र. … अन्वये … मॉडेलचा फ्रिज (सिरियल क्र. …) रु. ४२,००० ला घेतला. त्यावर एक वर्षाची वॉरंटी आहे. दि. … रोजी फ्रिज थंड होणे बंद झाले. मी तक्रार क्र. … नोंदवली. दि. … रोजी आपल्या तंत्रज्ञांनी व्होल्टेजचे कारण सांगून दुरुस्ती नाकारली. त्याला आधार देणारा कोणताही अहवाल मला दिलेला नाही. दि. … च्या मेलला उत्तर नाही. ही सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत फ्रिज मोफत दुरुस्त करून द्यावा. ते शक्य नसल्यास त्याच प्रतीचा नवीन फ्रिज किंवा रु. ४२,००० परत द्यावेत. तसे न केल्यास मी ग्राहक आयोगात तक्रार करीन व त्याचा खर्च आपणावर राहील."

एवढं पुरे. "करोडोंचा दावा लावीन", "सोशल मीडियावर बदनाम करीन" असली वाक्यं घालू नका. ती पुढं तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवली जातात.

नोटीस दुकानदार, उत्पादक आणि एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर ती देणारी कंपनी, अशी सगळ्यांना स्वतंत्र पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. स्पीड पोस्टलाच नोंदणीची सोय जोडून घ्या. पावती आणि ट्रॅकिंगचा "डिलिव्हर्ड" उतारा, दोन्ही छापून ठेवा. ट्रॅकिंगची नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही. त्याच दिवशी नोटीस मेलनंही पाठवा.

## ६. सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते) कोण आणि आयोग कुठला

ब्रँडचं नाव म्हणजे कंपनी नव्हे. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असू शकतं. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंच्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. तो उतरवून घ्या आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पत्ता पडताळा. नाव चुकलं की नोटीस बजावली जात नाही, मग दुरुस्तीचा अर्ज, मग पुढची तारीख.

दुकानदाराला आणि उत्पादकाला, दोघांनाही सामनेवाले करा. एकट्या दुकानदारावर तक्रार केली तर तो "वॉरंटी कंपनीची" म्हणेल. एकट्या कंपनीवर केली तर ती "आम्ही पैसे घेतलेच नाहीत" म्हणेल. अधिकृत सर्व्हिस सेंटर वेगळ्या मालकीचं असेल तर त्यालाही घ्या. मात्र विक्री विभागाचा मॅनेजर, टेक्निशियन, ब्रँडची जाहिरात करणारा नट अशी नावं भरत बसू नका.

कुठला आयोग हे वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढं राष्ट्रीय आयोग. मागितलेली नुकसानभरपाई यात धरायची नाही. ४२,००० च्या फ्रिजवर कितीही भरपाई मागितली तरी प्रकरण जिल्हा आयोगातच जाणार.

ठिकाणाबद्दल २०१९ च्या कायद्यानं मोठी सोय केली आहे: तुम्ही राहता किंवा पोटापाण्यासाठी काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी सांगलीच्या कुटुंबानं सांगलीतच जायचं. नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या मुलानं गावाकडे घेतलेल्या वस्तूची तक्रार पुण्यातही चालते. बिलावरच्या "सर्व वाद दिल्ली न्यायकक्षेत" या ओळीला घाबरू नका. वाद खासगी लवादाकडेच न्यायचा असं कलम असलं तरी आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हा आयोग आहेत. तिथंही हेच नियम.

तपासा: पत्त्याचा पुरावा त्याच जिल्ह्यातला आहे ना? आधार जुन्या गावचं असेल तर भाडेकरार किंवा नोकरीचं पत्र जोडा.

## ७. तक्रारीचा मसुदा

महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगात मराठीत तक्रार चालते. क्रमांक दिलेले छोटे परिच्छेद लिहा, एका परिच्छेदात एकच घटना, आणि प्रत्येक घटनेपुढं तिचा कागद कुठल्या निशाणीला (जोडकागदाच्या क्रमांकाला) जोडला आहे ते. खरेदी, वॉरंटी, बिघाड, कॉल, जॉबशीट, मेल, हेल्पलाइन, नोटीस, नकार. त्यानंतर तक्रारीचं कारण कधी घडलं, तक्रार मुदतीत कशी, आयोगाला अधिकार कसा, दुसऱ्या कुठल्या न्यायालयात हाच वाद नाही, आणि शेवटी मागणी.

वॉरंटी मोडल्याच्या साध्या प्रकरणात सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि लागू असेल तिथं अनुचित व्यापारी प्रथा, एवढे आधार पुरतात. "उत्पादन दायित्व" हा नवा शब्द वाचून अनेकजण तोही घालतात. तो वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा दुसरी मालमत्ता जळाली-मोडली अशा प्रकरणांसाठी आहे. खुद्द वस्तूचं नुकसान त्यातून कायद्यानंच वगळलं आहे. कॉम्प्रेसर फुटून हात भाजला असेल तर जरूर घाला, एरवी नको.

मागणी लिहिताना पर्याय ठेवा: दुरुस्ती, ते न झाल्यास त्याच क्षमतेची नवीन वस्तू, तेही न झाल्यास ४२,००० रुपये द.सा.द.शे. अमुक टक्के व्याजासह परत. फक्त "तेच मॉडेल द्या" मागितलं आणि आदेश होईपर्यंत ते मॉडेल बंद झालं, तर पुन्हा वाद. नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगळे मागा आणि आकड्यामागं कागद ठेवा. इन्सुलिन खराब झालं असेल तर औषधाच्या दुकानाचं बिल, सर्व्हिस सेंटरला टेम्पोनं नेलं असेल तर त्याची पावती. ४२,००० च्या फ्रिजसाठी दहा लाखांचा मानसिक त्रास मागितल्यानं रक्कम वाढत नाही, उलट बाकीच्या मागणीकडेही संशयानं बघितलं जातं.

दोष सिद्ध कसा करणार, हे आत्ताच ठरवा. तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर योग्य प्रयोगशाळेकडून वस्तू तपासून घेण्याचा अर्ज आयोगाला करता येतो. त्याची फी तक्रारदाराला भरावी लागते. लहान वस्तूसाठी शासकीय तंत्रनिकेतनातल्या तज्ज्ञाचं किंवा पात्र तंत्रज्ञाचं शपथेवरचं मत घेता येईल का ते पाहा. कंपनी व्होल्टेजचं कारण देत असेल तर तो बचाव सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर येते, तरी हात बांधून बसू नका. महावितरणला माहिती अधिकाराचा अर्ज टाका: त्या आठवड्यात तुमच्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) किंवा फीडरवर (वीजवाहिनीवर) व्होल्टेजच्या बिघाडाची नोंद आहे का? अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "नोंद नाही" असं उत्तर आलं तर कंपनीच्या बचावाला मोठं छिद्र पडतं. त्याच काळात घरातली बाकीची उपकरणं ठीक चालली, हेही शपथपत्रात लिहा.

व्हॉट्सॲप संवाद आणि मेल छापून जोडा, पण मूळ फोन विकू नका, चॅट पुसू नका. सामनेवाल्यानं हरकत घेतली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागू शकतं.

## ८. दाखल करणं

ऑनलाइन दाखल करायचं ते ई-जागृती पोर्टलवर. १ जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे आणि आधीचं ई-दाखिल त्यात सामावलं गेलं आहे. मोबाइल आणि मेल पडताळून खातं उघडा, आयोग निवडा, तक्रार, कागदपत्रांची यादी, कागदपत्रं आणि नोटरी केलेलं शपथपत्र पीडीएफ करून चढवा. स्कॅन वाचता येईल असं हवं. मोबाइलनं तिरके काढलेले फोटो त्रुटी दाखवून परत येतात.

वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००. म्हणजे फ्रिजवाल्यांना एक रुपयाही नाही. "आयोगाची फी" म्हणून कोणी एजंट हजारो मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. मार्गदर्शन हवंच असेल तर मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आहेत.

तपासा: दाखल केल्यावर दर दोन-तीन दिवसांनी खातं उघडा. निबंधक कार्यालयानं त्रुटी काढली तर ती वेळेत दुरुस्त करावी लागते. कागदी प्रती मागितल्या आहेत का, तेही तिथंच विचारा.

## ९. दाखल झाल्यानंतर

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे आयोगानं साधारण २१ दिवसांत ठरवायचं असतं. दाखल झाली की सामनेवाल्यांना नोटीस निघते. त्यांना लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर आणखी १५. या ४५ दिवसांवर नजर ठेवा. जबाब त्यानंतर आला तर तो रेकॉर्डवर घेऊ नये, असा अर्ज लगेच द्या. पुढच्या तारखेला आठवण करून उपयोग नाही.

जबाब हातात आला की प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या. मग पुराव्याचं शपथपत्र, पुरावा संपल्याची पुरसिस (आयोगाला तसं लेखी कळवणारा छोटा कागद), लेखी युक्तिवाद. वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते, आणि अर्ज करून व्हिडिओ कॉन्फरन्सनंही. कायद्यात तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून तयारी ठेवा. एकही तारीख चुकवू नका. तक्रारदार गैरहजर राहिला म्हणून निकाली निघालेली प्रकरणं बघून वाईट वाटतं, कारण त्यांतल्या कित्येकांचे कागद उत्तम असतात.

सुरुवातीलाच मध्यस्थीचा पर्याय विचारला जातो. दोन्ही बाजूंची लेखी संमती लागते. मला तो बहुतेक घरगुती वस्तूंसाठी चांगला वाटतो, कारण कंपनीला ४२,००० चं प्रकरण वर्षभर चालवण्यात रस नसतो. पण तडजोडीवर झालेल्या आदेशाला अपील नाही, म्हणून अटी स्पष्ट लिहून घ्या: कुठलं मॉडेल, कोणत्या तारखेपर्यंत, ने-आण कोणाच्या खर्चानं, नव्या वस्तूला नवी वॉरंटी की उरलेली.

## १०. आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि पालनाची मुदत कॅलेंडरवर मांडा. जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस असतात. पैसे देण्याचा आदेश झालेल्या कंपनीला अपील करताना रकमेचा अर्धा भाग भरावा लागतो. आदेश तुमच्या विरुद्ध गेला असेल तर तेच ४५ दिवस तुमचेही आहेत.

मुदत संपली, अपील नाही, स्थगिती नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, दाखल करा. कलम ७१ खाली आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. कलम ७२ खाली पालन न करणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दरखास्तीत आदेशाची प्रत, आदेश कंपनीला कळवल्याचा पुरावा आणि व्याजासह येणं रकमेचा तक्ता जोडा.

दरखास्तीची नोटीस गेली की कंपनीचा माणूस बहुधा चेक घेऊन येतो आणि सोबत "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" असा कागद सहीसाठी पुढं करतो. रक्कम आदेशाप्रमाणे व्याज आणि खर्चासह पूर्ण आहे का ते तक्त्याशी ताडून पाहा. कमी असेल तर "अंशतः मिळाली, बाकी रु. … येणे" असं स्वतःच्या हातानं लिहा. चेक वटून रक्कम खात्यात जमा होईपर्यंत दरखास्त मागं घेण्याच्या पुरसिसवर सही करू नका, आणि जुनी वस्तू परत नेली तर त्याची पावती घ्या.